मुख्य खेळाडू लंगडतोय, बॅकअप ठणठणीत आहे; मैदानात कुणाला उतरवायचं?

सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या अमेरिकन फुटबॉल टीमच्या चाहत्यांनी २०२५ च्या सीझनमधले दोन महिने पायाच्या एका अंगठ्यावरून भांडण्यात घालवले. अंगठा होता टीमचा मुख्य क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी याचा. त्याच वर्षी मे महिन्यात टीमने त्याच्याशी पाच वर्षांसाठी २६.५ कोटी डॉलर्सचा करार केला होता. सप्टेंबरमधल्या पहिल्याच मॅचमध्ये अंगठा दुखावला आणि त्याच्या जागी मॅक जोन्स आला. पर्डीच्या करारापुढे चिल्लर वाटावी एवढ्या पैशांत टीमने जोन्सला बॅकअप म्हणून घेतलं होतं.

जोन्सने लागोपाठ दोन मॅचेस जिंकून दिल्या. चौथ्या आठवड्यात पर्डी परतला, टीम हरली, अंगठ्याचं दुखणं पुन्हा उफाळलं आणि तो पुन्हा बाहेर बसला. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जोन्स आठ मॅचेस खेळला आणि त्यातल्या पाच त्याने जिंकल्या. सोशल मीडियावर तोवर दोन तट पडले होते. एक म्हणत होता, जिंकणाऱ्याला काढू नका. दुसरा म्हणत होता, बॅकअप तो बॅकअपच, पर्डी चालायला लागला की त्याला आणा.

पहिला प्रयत्न फसल्यावर कोच काइल शॅनहन यांनी मात्र पर्डीला परत आणायची घाई केली नाही. सहा आठवडे तो बाहेरच होता. या सावधपणाची मुळं शोधायची तर तेरा वर्षं मागे जावं लागतं, कारण हाच प्रश्न त्यांच्या वडिलांपुढे आला होता आणि तेव्हा काइल त्याच टीमचे आक्रमणाचे कोच होते. ती गोष्ट पुढे येईलच. आधी या खेळाबद्दल थोडं.

एका माणसावाचून एवढं काय अडतं?

आपल्याकडे ज्याला फुटबॉल म्हणतात त्याच्याशी या खेळाचं नातं नावापुरतंच. इथे आक्रमण करणाऱ्या टीमला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. दहा यार्ड पार झाले की नव्या चार संधी. यातल्या जवळपास प्रत्येक संधीची, म्हणजे ‘प्ले’ची सुरुवात क्वार्टरबॅकच्या हातात बॉल येऊन होते. बॉल कुणाकडे फेकायचा, कुणाच्या हातात द्यायचा की स्वतःच घेऊन पळायचं, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. तेवढ्यात सव्वाशे-सव्वाशे किलोंची माणसं त्याच्या अंगावर धावून येत असतात. क्रिकेटमध्ये विराट कोहली शून्यावर बाद झाला तरी बाकीचे दहा जण असतात. इथे क्वार्टरबॅक कोसळला की उरलेल्या दहा जणांचं कौशल्यही निम्मं वाया जातं, कारण बॉल त्यांच्यापर्यंत पोचवणारा तोच.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मॅचच्या दिवशी सकाळी बघावं, बरं वाटत असेल तर मुख्य खेळाडू, नाहीतर बॅकअप. प्रत्यक्षात निर्णय तीन-चार दिवस आधीच घ्यावा लागतो. एनएफएल या लीगमध्ये साधारण आठवड्याला एक मॅच असते आणि मधल्या दिवसांत त्या एका प्रतिस्पर्ध्यासाठीची सगळी तयारी होते. या सरावातला मोठा वाटा मुख्य क्वार्टरबॅकला मिळतो. बॅकअप बराच वेळ बघत उभा असतो. जखमी खेळाडूला सराव दिला आणि रविवारी तो उतरू शकला नाही, तर बॅकअप न शिकलेल्या धड्याची परीक्षा द्यायला जातो. उलट बॅकअपला सराव दिला, तर परतणारा स्टार गंजलेला असतो. म्हणून टीमच्या अधिकृत दुखापत यादीत ‘क्वेश्चनेबल’ हा शब्द दिसला तरी आतल्या लोकांना उत्तर बहुतेक वेळा माहीत असतं. समोरच्या टीमला दोघांसाठीही तयारी करायला लावायची, म्हणून ते सांगायचं नसतं.

आणि ‘अंगठाच तर आहे’ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. क्वार्टरबॅकचा थ्रो हातातून सुटत असला तरी सुरू पायातून होतो. मागचा पाय जमिनीला रेटा देतो, पुढचा पाय रोवला जातो, मग कंबर वळते आणि शेवटी हात येतो. अंगठ्याच्या सांध्याखालचे लिगामेंट ताणले गेले, ज्याला ‘टर्फ टो’ म्हणतात, तर तो रेटाच मिळत नाही. प्लॅस्टर नाही, कुबड्या नाहीत, माणूस चालताना धडधाकट दिसतो. फक्त वीस यार्डांचा पास दीड यार्ड मागे पडतो. तो दीड यार्ड समोरच्या टीमच्या हातात जातो.

वॉशिंग्टनमध्ये काय झालं होतं?

२०१२ साली वॉशिंग्टनच्या टीमने, म्हणजे आजच्या कमांडर्सनी, रॉबर्ट ग्रिफिन या तरुण क्वार्टरबॅकसाठी जवळपास सगळं पणाला लावलं. नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला दुसऱ्या क्रमांकावर उचलता यावं म्हणून तीन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क दुसऱ्या टीमला देऊन टाकले. त्याच निवडीत चौथ्या फेरीत कर्क कझिन्स नावाचा आणखी एक क्वार्टरबॅक घेतला, तेव्हा ‘हा कशाला?’ असं अनेकांनी विचारलं. काइल यांचे वडील माइक शॅनहन मुख्य कोच होते.

ग्रिफिन वाऱ्यासारखा पळायचा. पहिल्याच सीझनमध्ये त्याने पळून ८१५ यार्ड काढले. ९ डिसेंबरला बाल्टिमोरविरुद्ध त्याचा उजवा गुडघा दुखावला. कॉलेजात असताना, २००९ मध्ये, याच गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. कझिन्स आला, त्याने बरोबरी साधली, टीम जादा वेळेत जिंकली. पुढची क्लीव्हलंडविरुद्धची मॅच कझिन्सनेच सुरू केली आणि ३८-२१ अशी जिंकली. म्हणजे बॅकअप कामाचा आहे याचा पुरावा हातात होता. तरी त्यानंतर ग्रिफिन गुडघ्याला पट्टा बांधून परतला, टीमने उरलेल्या दोन्ही मॅचेस जिंकल्या आणि १९९९ नंतर पहिल्यांदा आपल्या गटाचं विजेतेपद मिळवलं.

६ जानेवारी २०१३ ला सिएटलविरुद्ध प्लेऑफची मॅच झाली. पहिल्या क्वार्टरमध्येच वॉशिंग्टनने १४-० अशी आघाडी घेतली. पण त्याच क्वार्टरमध्ये थ्रो करताना ग्रिफिनचा गुडघा पुन्हा मुरगळला होता. त्यानंतर तो लंगडतोय हे स्टेडियममध्ये सगळ्यांत वरच्या रांगेत बसलेल्यालाही दिसत होतं. टीमला पुढे एकही पॉइंट मिळाला नाही. पूर्ण मॅचमध्ये ग्रिफिनच्या पासमधून मिळाले अवघे ८४ यार्ड. कझिन्स बाजूला उभा होता. शेवटच्या क्वार्टरमध्ये एक खाली आलेला बॉल उचलायला ग्रिफिन वळला आणि गुडघा असा मुडपला की टीव्हीवर ते दृश्य पुन्हा बघवत नाही. दोन लिगामेंट गेले. टीम २४-१४ अशी हरली.

मॅचनंतर माइक शॅनहन यांनी जे सांगितलं त्याचा आशय असा, की आपण खेळाडूलाच विचारलं, तो खेळू शकतो म्हणाला, आपण त्याच्यावर विश्वास ठेवला. सगळी अडचण याच वाक्यात आहे. बावीस वर्षांचा मुलगा, घरचं मैदान, प्लेऑफ, पूर्ण शहराच्या आशा खांद्यावर. तो दुसरं काय सांगणार? ‘खेळशील का?’ या प्रश्नाला कोणताही क्वार्टरबॅक ‘हो’च म्हणतो. उत्तर आधीच ठरलेलं असेल तर तो प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो, फक्त जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात टाकता येते.

डॉक्टरांचं काय? बाल्टिमोरच्या मॅचमध्ये ग्रिफिन जखमी झाल्यावर एक प्ले बाहेर राहून लगेच पुन्हा आत गेला होता. प्रसिद्ध सर्जन जेम्स अँड्र्यूज यांनी होकार दिल्याचं शॅनहन यांनी तेव्हा सांगितलं होतं. सिएटलच्या मॅचच्या दिवशीच छापून आलेल्या बातमीत अँड्र्यूज म्हणाले, आपल्याला त्याला तपासायलाच मिळालं नव्हतं. दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतील. साइडलाइनवरच्या घाईगर्दीत मान डोलावणं आणि तपासणं यातला फरक सहज हरवतो.

पुढच्या सीझनमध्ये वॉशिंग्टनने तीन मॅचेस जिंकल्या आणि तेरा हरल्या. शेवटच्या तीन मॅचेससाठी शॅनहन यांनी ग्रिफिनला बसवलं. त्याला आणखी मार बसू नये, हे कारण दिलं. ते योग्यच होतं, फक्त एक वर्ष उशिरा आलं. सीझन संपताच त्यांची हकालपट्टी झाली. ग्रिफिन आधीसारखा पुन्हा कधी पळाला नाही. आणि ‘हा कशाला?’ म्हणून ज्याला हिणवलं त्या कझिन्सने २०१५ मध्ये वॉशिंग्टनला गटविजेतेपद मिळवून दिलं, २०१८ मध्ये मिनेसोटाकडून तीन वर्षांसाठी ८ कोटी ४० लाख डॉलर्सचा पूर्ण हमीचा करारही मिळवला.

या प्रकरणातून चाहत्यांच्या एका आवडत्या हिशोबाचंही पितळ उघडं पडतं. ‘सत्तर टक्के फिट स्टार हा शंभर टक्के फिट बॅकअपपेक्षा बरा’ हे वाक्य दर सीझनला ऐकू येतं. पण सत्तर टक्के फिट म्हणजे सत्तर टक्के खेळाडू नव्हे. ज्याचा सगळा धाक पायांत आहे, त्याचा गुडघा गेला की बचाव करणारे त्याच्या पळण्याची फिकीर सोडतात आणि सगळे जण पास अडवायला मोकळे होतात. त्याचं मोल सत्तरवर नाही, तीसवर येतं. बरगडी दुखावलेल्या, एका जागी उभं राहून पास देणाऱ्या क्वार्टरबॅकचं गणित अगदी वेगळं असू शकतं. किती दुखतंय यापेक्षा कुठे दुखतंय आणि त्या खेळाडूचं पोट कशावर चालतं, हे जास्त महत्त्वाचं.

मग जखमी खेळाडूला कधी खेळवूच नये का?

तसं नाही. जानेवारी २०२३ मध्ये कॅन्सस सिटीचा पॅट्रिक महोम्स जॅक्सनव्हिलविरुद्धच्या प्लेऑफमध्ये पहिल्याच क्वार्टरमध्ये घोटा मुरगळून घेऊन बसला. त्यालाही खेळायचंच होतं. बाहेर काढल्यावर तो संतापलेला दिसत होता. पण कोच अँडी रीड यांनी स्पष्ट सांगितलं की एक्स-रे काढल्याशिवाय आत जायचं नाही. तेवढ्या वेळात ३७ वर्षांचा बॅकअप चॅड हेनी आत गेला आणि त्याने टीमला ९८ यार्ड नेऊन टचडाउन करून दिलं. हाड मोडलेलं नाही हे कळल्यावर महोम्स दुसऱ्या हाफमध्ये परतला. पुढच्या आठवड्यात सिनसिनाटीविरुद्ध त्याच दुखऱ्या पायावर तो शेवटच्या क्षणी पळाला आणि त्यातून मॅच सुटली. १२ फेब्रुवारीला टीमने फिलाडेल्फियाला ३८-३५ असं हरवून सुपर बोल जिंकला.

यात नशीब होतंच. घोट्याऐवजी गुडघ्यात काही निघालं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. पण शॅनहन आणि रीड यांच्यातला फरक नशिबाचा नव्हता. एकाने खेळाडूला विचारलं, दुसऱ्याने एक्स-रेला. रीड यांना ते परवडलं याचं श्रेय हेनीलाही जातं. तयार बॅकअप म्हणजे नुसता पर्याय नव्हे, तर कोचला शांतपणे थांबायला मिळालेली दहा मिनिटं.

दुखापतीमुळे जागा जाते का?

अमेरिकन फुटबॉलमध्ये एक अलिखित नियम आहे: दुखापतीमुळे कुणाची जागा जात नाही. ऐकायला छान वाटतो. तो मोडणाऱ्यांचे पुतळे उभे राहतात, एवढंच.

सर्वांत गाजलेलं उदाहरण २००१ चं. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो याने त्याच वर्षी दहा वर्षांसाठी १० कोटी ३० लाख डॉलर्सचा करार केला होता. २३ सप्टेंबरला बसलेल्या एका धडकेने त्याच्या छातीत रक्तस्राव झाला, जिवावर बेतलं. त्याच्या जागी आला टॉम ब्रेडी, आदल्या वर्षी १९९ व्या क्रमांकावर निवडलेला पोरगा. नोव्हेंबरमध्ये ब्लेडसोला डॉक्टरांनी परवानगी दिली, पण कोच बिल बेलिचिक यांनी ब्रेडीलाच ठेवलं. इथवरची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पुढची अधिक मजेदार आहे. जानेवारीत पिट्सबर्गविरुद्ध ब्रेडीचाच घोटा दुखावला. चार महिने बाकावर बसलेला ब्लेडसो आत आला, त्याने टचडाउन पास दिला, टीम जिंकली. आता सुपर बोलला एकच आठवडा उरलेला. जखमी ब्रेडी की ठणठणीत, अनुभवी आणि नुकताच जिंकून आलेला ब्लेडसो? पारडं सरळसरळ उलटं झालं होतं. बेलिचिक यांनी पुन्हा ब्रेडीलाच निवडलं आणि टीमने सेंट लुइसला २०-१७ असं हरवलं. ब्लेडसोची एप्रिलमध्ये दुसऱ्या टीमकडे रवानगी झाली. त्याच्याकडून चूक काहीच झाली नव्हती.

हा निर्णय मैदानावर बरोबर ठरला. पण दर वेळी असं झालं की ड्रेसिंग रूममधले बाकीचे जण त्यातून काय शिकतात? त्याचं उत्तर २०१२ च्या फोर्टीनाइनर्समध्ये मिळतं. अ‍ॅलेक्स स्मिथ तेव्हा कारकिर्दीतला सर्वोत्तम खेळ करत होता, दहापैकी सात पास अचूक जात होते. ११ नोव्हेंबरच्या मॅचमध्ये डोक्याला मार बसून त्याला अंधुक दिसू लागलं आणि तो बाहेर आला. कॉलिन कॅपरनिक आत गेला, पुढच्या मॅचमध्ये त्याने शिकागोचा ३२-७ असा धुव्वा उडवला. स्मिथ बरा झाला, पण जागा मिळाली नाही. कॅपरनिकने टीमला सुपर बोलपर्यंत नेलं, तिथे ती तीन पॉइंट्सनी हरली. आपण जागा गमावण्यासारखं एकच काम केलं, ते म्हणजे डोक्याला मार लागणं, असं स्मिथने नंतर बोलून दाखवलं.

मोडलेलं हाड एक्स-रेमध्ये दिसतं. मेंदूला बसलेला हादरा, म्हणजे कन्कशन, बऱ्याच अंशी खेळाडूने स्वतः सांगितलं तरच कळतं. सांगितल्यावर नोकरी जाणार असेल तर कोण सांगेल? म्हणून अलिखित नियमाकडे केवळ खेळाडूवरची माया म्हणून बघता येत नाही. खरं बोलण्याची किंमत कमी ठेवणारी ती एक व्यवस्था आहे, आणि ती मोडून मॅच जिंकता येते हीच तिची पंचाईत.

न दिसणाऱ्या दुखापतीचं काय होतं ते सप्टेंबर २०२२ मध्ये साऱ्या अमेरिकेने पाहिलं. मायामीचा तुआ टॅगोवायलोआ बफेलोविरुद्ध पडला, उठताना त्याचा तोल गेला. पाठ दुखावल्याचं कारण देण्यात आलं आणि तो त्याच मॅचमध्ये परत आला. चारच दिवसांनी सिनसिनाटीत तो पुन्हा डोक्यावर आपटला, बोटं वेडीवाकडी ताठली आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. लीग आणि खेळाडूंची संघटना यांनी ऑक्टोबरमध्ये नियम बदलला. आता तोल जाण्याची अशी लक्षणं दिसली की कारण काहीही सांगा, त्या दिवशी परत खेळता येत नाही. म्हणजे अशा प्रसंगापुरता ‘मुख्य की बॅकअप’ हा पर्यायच कोचच्या हातातून काढून घेतला.

दुसरा बदल जानेवारी २०२३ च्या एका विचित्र मॅचमुळे झाला. फिलाडेल्फियाविरुद्ध ब्रॉक पर्डीचं कोपर पहिल्याच क्वार्टरमध्ये गेलं. बॅकअप जॉश जॉन्सन आला, त्यालाही कन्कशन झालं. मग ज्याला धड फेकता येत नव्हतं त्या पर्डीलाच परत यावं लागलं आणि टीम ३१-७ अशी हरली. त्याच वर्षीपासून लीगने तिसरा, आणीबाणीचा क्वार्टरबॅक ठेवण्याची सोय केली. अट अशी की पहिले दोघं दुखापतीने किंवा पंचांच्या कारवाईने बाहेर गेले तरच तो उतरू शकतो. खेळ आवडला नाही म्हणून कोचला त्याला आणता येत नाही.

पैशाचा पदर

प्रश्न नेहमी वैद्यकीयच असतो असंही नाही. एनएफएलच्या काही करारांत असं कलम असतं, की खेळाडू जखमी असेल तरच पुढच्या वर्षीच्या पगाराची हमी. २०१५ मध्ये ग्रिफिनच्या बाबतीत अशी १ कोटी ६० लाख डॉलर्सहून मोठी रक्कम टांगलेली होती. त्या संपूर्ण सीझनमध्ये वॉशिंग्टनने त्याला एकाही प्लेसाठी मैदानात उतरवलं नाही. तीन वर्षांपूर्वी त्याला जखमी अवस्थेत खेळवणारी टीम आता तो जखमी होऊ नये म्हणून धडधाकट असताना त्याला बसवून ठेवत होती. लास व्हेगासच्या डेरेक कारला २०२२ मध्ये आणि डेन्व्हरच्या रसेल विल्सनला २०२३ मध्ये सीझनच्या शेवटी बसवलं गेलं, तेव्हाही असंच हमीचं कलम चर्चेत होतं.

बॅकअपचं पुढे काय होतं?

फिलाडेल्फियाचा निक फोल्स हे बॅकअपप्रेमींचं दैवत. १० डिसेंबर २०१७ ला कार्सन वेंट्झचा गुडघा गेला. फोल्स आला आणि ४ फेब्रुवारी २०१८ ला त्याने पेट्रियट्सना ४१-३३ असं हरवून सुपर बोल जिंकला. कोच डग पीडरसन यांनी त्याच्यावर वेंट्झचा खेळ लादला नाही, त्याला जमतील असे प्ले निवडले. एका प्लेमध्ये तर क्वार्टरबॅक फोल्सनेच पास झेलून टचडाउन केलं. त्या क्षणाचा पुतळा फिलाडेल्फियाच्या स्टेडियमबाहेर उभा आहे. आणि तरीही पुढच्या सीझनमध्ये वेंट्झ बरा होताच, तिसऱ्या मॅचपासून, जागा त्याला परत मिळाली. इथे अलिखित नियम पाळला गेला होता.

अशी नावं लक्षात राहतात म्हणून बॅकअपवरचा विश्वास थोडा फुगलेला असतो. आत जाऊन तीन मॅचेस हरलेल्या आणि विसरल्या गेलेल्या क्वार्टरबॅकचे पुतळे कुणी उभारत नाही.

२०१९ मध्ये फोल्सला अखेर स्वतःची टीम मिळाली. जॅक्सनव्हिलने त्याच्याशी चार वर्षांसाठी ८ कोटी ८० लाख डॉलर्सचा करार केला. पहिल्याच मॅचच्या पहिल्या क्वार्टरमध्ये, टचडाउन पास देता देता, त्याचं कॉलरबोन मोडलं. त्याच्या जागी सहाव्या फेरीत निवडलेला गार्डनर मिन्श्यू नावाचा मिशीवाला पोरगा आत आला आणि चाहत्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. फोल्स नोव्हेंबरमध्ये परतला, टीम हरत राहिली आणि काही आठवड्यांतच कोचने जागा पुन्हा मिन्श्यूला देऊन टाकली.